मंडळाची मूठ

बोरी बुद्रुकपासून येडगावच्या धरणापर्यंत ज्या ज्या घरात आज मीठ चमच्यानं मोजून पडतं, त्या त्या घरात माझ्या मावससासूबाईंचं एकदा तरी भांडण झालेलं आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. भांडण मिठावरूनच झालेलं असेल असं नाही. ते चुलीच्या धुरावरून, ताकावरच्या झाकणावरून किंवा लहान पोराच्या कानटोपीवरूनही झालेलं असेल. पण त्याचा शेवट मिठाच्या बरणीत एक चमचा कायमचा येऊन पडण्यात होतो. मावशींनी तीसेक वर्षं मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलं. शाळेनं त्यांना निवृत्त केलं, त्यांनी मात्र जुन्नर तालुक्याला अजून सुट्टी दिलेली नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा बायकोनं मला आपल्या घराण्यातल्या प्रत्येकाची सविस्तर माहिती दिली होती. कोण तापट, कोण कानानं कमी, कुणापुढे राजकारण काढायचं नाही वगैरे. मावशींबद्दल तिनं एकच वाक्य सांगितलं, "तिच्यासमोर जेवताना ताठ बस."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं, आणि पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात ते मला भोवलं. जावयाला धोंडे खायला घालायचे, ताटाभोवती रांगोळी काढायची, नको नको म्हणेस्तोवर वाढायचं, ही आपली रीत. मी नवाकोरा शर्ट घालून, पोटात जागा ठेवून पाटावर बसलो. समोर मावशी स्टुलावर बसल्या आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघू लागल्या. तिसऱ्या घासाला त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमी घास बारा येळा चावता. बत्तीस पायजेत." त्यानंतर मी जे काही खाल्लं ते मोजत खाल्लं, आणि मोजताना चव लागत नाही हे ज्यानं अनुभवलं असेल त्यालाच कळेल. तुपात निथळणारा चौथा धोंडा माझ्या ताटाकडे निघाला होता, तो मावशींनी वाटेतच अडवला आणि त्याच्या जागी मोडाच्या मटकीची वाटी ठेवली. "गोड झालं आता. प्रथिनं कमी पडल्यात." माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. धोंड्याला जावयाच्या ताटात मटकी वाढली गेल्याचं दुसरं उदाहरण पंचक्रोशीत नसावं.

मावशींच्या पर्समध्ये पैसे सोडून सगळं असतं. शिंप्याची टेप, तापमापक, मापाचा कप, आणि चाळणीचा एक तुकडा. टेप ओट्यासाठी. बाईच्या कोपरापासून ओटा किती खाली असावा याचं त्यांचं गणित ठरलेलं आहे, आणि नव्या घराच्या वास्तुशांतीला सगळे देवाच्या पाया पडत असताना मावशी ओट्याला टेप लावत असतात. आमच्या गावात तीन ओटे त्यांच्या शब्दाखातर फुटले आणि पुन्हा बांधले गेले. तिसरा माझ्या घरचा. लग्नाच्या मांडवात त्या वधूवरांच्या आधी आचाऱ्याला भेटतात. "भाऊ, हात धुतले का?" ह्या एका प्रश्नावर दोन आचाऱ्यांनी आमच्या भागातली ऑर्डर घेणं सोडलं. संक्रांतीला बाकीच्या बायका वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटतात, मावशी दरवर्षी मापाचा चमचा देतात. त्यामुळे काही घरांत आता चमच्यांचा एवढा साठा झाला आहे की पोरं त्यांनी अंगणात माती उकरतात. पण हेही सांगायला हवं, की कुणाच्या घरी माणूस गेलं की मावशी तिथं रडायला जात नाहीत, रांधायला जातात. तेरा दिवस त्या घरातली लेकरं वेळेवर जेवतात. अशा वेळी त्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

गृहविज्ञानाची एक अखिल भारतीय संघटना आहे. तिच्या शाखा देशभर आहेत, आणि त्यांतली एक बोरीत, दूध संस्थेच्या जुन्या खोलीत, दर गुरुवारी दुपारी दोन ते चार भरते. तिचं नाव गृहविज्ञान मंडळ. सभासद चौदा. अध्यक्ष मावशी, चिटणीस मावशी, आणि उशिरा आलेल्यांना बोलणाऱ्याही मावशी. केंद्राचं परिपत्रक आलं की त्या ते उभ्या राहून वाचतात आणि बाकीच्यांनाही उभं करतात. वार्षिक अधिवेशनाला जाताना जरीची साडी, त्यावर संघटनेचा बिल्ला आणि पायात स्पोर्ट्स शूज, असा त्यांचा थाट असतो. नारायणगावात माझं स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी ते बंद असतं, हे मावशींनी हेरलं आणि मला मंडळाचा 'बाहेरचा चाखणारा' नेमलं. पुरुषाला सभासद होता येत नाही, पण निःपक्ष जीभ म्हणून बसता येतं. गेली बारा वर्षं माझी जीभ निःपक्ष आहे. पोटाचं मात्र तसं सांगता येत नाही.

या मंडळाची एक पद्धत आहे, तिला 'कागदाची परीक्षा' म्हणतात. कुठलाही पदार्थ मंडळाच्या वहीत चढण्याआधी तो कागदावर लिहायचा. मग ज्या बाईनं तो जन्मात केलेला नाही तिनं, नुसता कागद वाचून, तो सगळ्यांसमोर करायचा. आणि ज्या सुगरणीचा तो पदार्थ, तिनं समोर बसून तो सगळा प्रकार मुकाट बघायचा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, उसासाही टाकायचा नाही. याची हमी म्हणून तिच्या जिभेखाली एक वेलदोडा ठेवला जातो. परीक्षा संपल्यावर तो न चावलेला परत दाखवायचा. आता बोरीच्या बाईला आपल्या डोळ्यांदेखत दुसरीकडून फोडणी जळताना बघून गप्प बसायला सांगणं म्हणजे केवढी शिक्षा! एकदा पुरणाच्या परीक्षेला एका आजीबाईंनी "अगं चटका लागला, हालव की भवाने!" म्हणताना वेलदोडा असा उडवला की तो थेट माझ्या चहात पडला. परीक्षा रद्द. पण मावशींचं म्हणणं साफ होतं. "जे फक्त हाताला ठाऊक हाय ते हातासंगं जळून जातं. कागदावर उतरलं तर उरतं." हे म्हणताना त्या भांडत नसत, आणि म्हणूनच मला ते पटत असे.

अडचण एकच होती. आमच्या बायका मापतात मुठीनं. "दोन मुठी बाजरी, एक मूठ मिरची, चिमूटभर हिंग." आणि केंद्राचं परिपत्रक आलं की अधिवेशनातल्या प्रदर्शनात शाखांनी आपापली वही ठेवावी, मापं ग्रॅममध्ये असावीत. हातात आठ दिवस. मावशींनी तराजू आणला, बाजरीचं पोतं उघडलं आणि चौदाजणींच्या मुठी तोलायला सुरुवात केली. प्रत्येकीनं दहा वेळा मूठ भरायची. एकीची मूठ चाळीस ग्रॅम, मग पंचावन्न, मग अडतीस. बोलता बोलता भरली की मूठ मोठी होते, हे शास्त्र मला तिथं समजलं. अपवाद फक्त सरूबाईंचा. सरूबाई कांद्याच्या वखारीत कांदा निवडायला जातात. त्यांनी दहा वेळा मूठ भरली आणि दहाही वेळा काटा ऐंशीवर थांबला. मावशींचे डोळे पाणावले. "हीच मंडळाची मूठ!" सरूबाई बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, "बाई, माझा हात माझ्या बापावर गेलाय. माझ्या मुठीवर नका जाऊ." पण मावशींना हवं होतं ते दहा वेळा सारखं येणारं माप, आणि ते त्यांना सापडलं होतं. रात्रंदिवस बसून त्यांनी सगळी वही नव्यानं उतरवली. जिथं मूठ, तिथं ऐंशी ग्रॅम. चाळीस प्रती मीच झेरॉक्स करून, स्प्रिंग घालून दिल्या. चौदाजणींनी त्या घरी नेल्या, नातेवाइकांत वाटल्या, लेकींच्या आणि सुनांच्या हातात दिल्या.

त्याच हिवाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुण्यांचं जेवण मंडळानं केलं, तेही वही समोर ठेवून. बेत अर्थातच मासवडीचा. ही आमच्या जुन्नर-आंबेगावची शान. बेसनाच्या पोटात खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं सारण, आणि सोबत काळा रस्सा. त्या दिवशी रस्सा इतका तिखट झाला की प्रमुख पाहुण्यांचं भाषण उचक्यांतच संपलं आणि शाळेची पाण्याची टाकी दुपारीच कोरडी पडली. मावशी मात्र सगळ्यांदेखत वाटीभर रस्सा प्यायल्या. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या, "प्रमाण बरोबर हाय. मिरचीच औंदा तेज आलीय." यावर त्यांच्याशी वाद घालण्याइतकी जीभ तेव्हा कुणाच्याच तोंडात शिल्लक नव्हती.

आणि मग गेल्या वर्षी ते परिपत्रक आलं, जे मावशींनी बसून वाचलं. ज्या शाखेत वीसपेक्षा कमी सभासद असतील, किंवा चाळिशीच्या आतल्या निदान पाचजणी नसतील, ती शाखा बंद करून जिल्ह्याच्या शाखेत मिसळली जाईल. केंद्राच्या एक बाई येऊन स्वतः पाहणी करतील. आमच्याकडे सभासद चौदा, आणि त्यांतली सगळ्यांत तरुण एकावन्न वर्षांची. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही घरोघर फिरू लागलो. एक सून म्हणाली, "आजी, मोबाइलवर समदं दिसतं की." दुसरी म्हणाली, "गुरुवारी दुपारी आमची टोमॅटोची तोडणी असती." तिसरीनं चहा दिला, बिस्किटं दिली, आणि नाव मात्र दिलं नाही. परत येताना मावशींनी कालव्याच्या पुलावर स्कूटर थांबवायला लावली. मग म्हणाल्या, "जावईबापू, मंडळ मोडलं तर मी गुरुवारी काय करू?" ज्या बाईला घाबरून मी बारा वर्षं घास मोजले, तिच्या तोंडचा तो प्रश्न होता.

पाहणीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मावशींच्या दारात सहा तरुण सुना येऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होतो. मला वाटलं, देव पावला, सभासद व्हायला आल्या. पुढे होती ती अश्विनी, आंबेगावातल्या लोणीची पोर, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन बोरीत आलेली, नारायणगावात रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करणारी. तिच्या हातात मीच काढलेली झेरॉक्स होती.

"आजी, राग मानू नका, पण तुमचा कागद चुकलाय."

तीस वर्षांत हे वाक्य मावशींना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुणाचा कागद?"

"मंडळाचा. ह्यात लिवलंय तशी मासवडी केली मी. सासरे दोन दिस आडवे व्हते. सासूबाई म्हणल्या, लोणीच्या आयांनी पोरींना काय शिकवलंच न्हाई. माझ्या आईचं नाव काढलं त्यांनी." मागच्या पाचजणींनी माना डोलावल्या. प्रत्येकीच्या घरी काही ना काही घडलं होतं.

"मंडळाची वही चुकत न्हाई," मावशी म्हणाल्या. "तुजा हात चुकला आसंल. गुरुवारी ये, समोर करून दाखव."

मी हळूच म्हटलं, "मावशी, गुरुवारी केंद्राच्या बाई असतील. त्यांच्यापुढं कशाला?"

"परीक्षा लपूनछपून घेत नसत्यात, जावईबापू."

गुरुवारी खोली गच्च भरली. एका बाजूला चौदा जुन्या, दुसऱ्या बाजूला सहा नव्या, मध्ये शेगडी. केंद्राच्या बाई मूळच्या विदर्भातल्या निघाल्या. "तिखटाची काळजी करू नका, आम्ही सावजी खाऊन वाढलोय," असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं आणि मला त्यांची कीव आली. वहीतली मासवडी मावशींची स्वतःची, तेव्हा नियमाप्रमाणे वेलदोडा मावशींच्या जिभेखाली गेला. अश्विनीनं कागद वाचला, तराजू घेतला आणि मिरच्या तोलायला लागली. ऐंशी ग्रॅम सुक्या मिरच्या म्हणजे किती, हे आम्ही पहिल्यांदाच शांतपणे बघत होतो. ताटली भरली, मग सूप अर्धं भरलं, तरी काटा ऐंशीला लागेना. मावशींचा हात एकदा वर उठला आणि पुन्हा मांडीवर गेला. मिरच्या भाजल्या तेव्हा शेजारच्या डेअरीतल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मावशी गप्प. पदर तोंडाला लावून, डोळे पुसत, गप्प. पोरीनं कागदावरचा एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही.

मग चाखणं झालं. माझं काय झालं ते सोडा. केंद्राच्या बाईंनी एक चमचा घेतला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. बोलता यायला लागल्यावर त्यांनी जुन्या सभासदांना विचारलं, "तुम्ही घरी असाच करता रस्सा?"

"छ्या!" एकजण पटकन बोलून गेली. "आमी आपलं हातानं घालतो. वही सुनंसाठी."

मावशींनी जिभेखालचा वेलदोडा काढला. अख्खा होता. त्यांनी बाकीच्या तेराजणींकडे एकेक करून पाहिलं. प्रत्येकीनं मान खाली घातली. मग त्या नव्यांकडे वळल्या. "तुमी सहाजणी वही बघून करता?"

"व्हय आजी," अश्विनी म्हणाली. "आमाला येत नव्हतं म्हणून. तुमच्यावर इस्वास ठेवून. पण आजी, बाजरीची मूठ अन् मिरचीची मूठ एका वजनाची कशी आसंल? आमच्या लॅबात काटा बिघडला की तो रोज सारखंच माप दावतो. सारखं येतं म्हणून ते बरोबर नसतं."

मावशी उभ्या राहिल्या. आता भांडण, असं मी समजलो. पण त्या बोलल्या ते वर्गात बोलत असतील तशा, सावकाश, शुद्ध भाषेत. "हे मी आठवीला शिकवत होते. जड वस्तू, हलकी वस्तू. सगळ्यांच्या कागदाची परीक्षा घेतली, आणि आपली वही मात्र परीक्षा न घेता पाठवली. घाई केली. चूक माझी आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "पोरी, तुज्या आईला सांग, लेकीचा हात चांगला हाय. अन् तुज्या सासूला मी सांगते. आजच येते घरी."

सरूबाई तेवढ्यात पुटपुटल्या, "मी तवाच म्हणले व्हते." आणि सगळी खोली हसली. मावशीही हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटलं.

केंद्राच्या बाईंनी गूळ मागून घेतला आणि विचारलं, "ही वही पुन्हा तपासायला किती वेळ लागेल?" मावशींनी मनातल्या मनात हिशेब केला. दोनशेवर पदार्थ, आठवड्याला दोन. दोन वर्षं. "मग दोन वर्षांचं काम हातात असलेली शाखा मी बंद कशी करू?" असं म्हणून बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. सहाजणींनी तिथल्या तिथं नावं दिली, पण अट घालून. गुरुवार नको, रविवार सकाळ. गुरुवार सोडताना मावशींचा चेहरा दाढ उपटावी तसा झाला, पण त्यांनी सही केली. त्याच संध्याकाळी त्या अश्विनीच्या सासूकडे गेल्या. काय बोलल्या ते कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती सासूही सुनेच्या मागून मंडळात येऊन बसली, एवढं खरं.

आता वीसचे सत्तावीस झाले आहेत. अश्विनी चिटणीस आहे. बाजरीची मूठ वेगळी, मिरचीची वेगळी, शेंगदाण्याची वेगळी, असा तक्ता भिंतीवर लागला आहे, आणि मीठ घालताना माणसाची मूठ आपोआप आखडते असा नवा शोधही लागला आहे. निम्मी वही तपासून झाली. माझी जीभही आता माणसात आली आहे.

मागच्या रविवारी मी चाखायला गेलो तेव्हा नाचणीच्या पापडावरून वाद रंगला होता. पापडखार किती आणि पीठ कितीदा चाळायचं. मावशी दोनदा काही बोलायला म्हणून पुढे सरसावल्या. दोन्ही वेळा त्यांच्या आधी कुणीतरी बोललं, आणि जे बोललं ते बरोबरच होतं. मग त्यांनी शांतपणे पर्स उचलली, चपला पायात सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "चला." आम्ही बाहेर आलो. आतला गलका तसाच चालू होता. मावशींनी स्कूटरपाशी येऊन मागे वळून दाराकडे पाहिलं.

"मी उठले तरी कुणाचं ध्यान न्हाई," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं. "असंच पायजे, जावईबापू. असंच पायजे व्हतं मला." त्या मागच्या सीटवर बसल्या, पदर खोचला, आणि मी किल्ली फिरवणार तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "जरा सावकाश घ्या. कुणी हाक मारली तर ऐकू आली पायजे."

मी स्कूटर अगदी सावकाश घेतली.